एका मिलिलिटर हवेतला हायड्रोजन

हरित हायड्रोजनावरील लेखात आम्ही एक वाक्य लिहिले होते, की मोकळ्या हवेत हायड्रोजनाचे प्रमाण अब्जात सुमारे ५३० भाग, म्हणजे ५३० पीपीबी, इतके असते. एवढे अल्प प्रमाण मोजतात तरी कसे, असे विचारणारी बरीच पत्रे त्यावर आली, आणि काही पत्रांत त्याच्याच जोडीला कार्बन मोनॉक्साइडविषयीही विचारणा होती. हे दोन्ही वायू क्षपणक, म्हणजे दुसऱ्या पदार्थातला ऑक्सिजन काढून घेणारे, आहेत, दोन्ही एकाच यंत्रावर मोजता येतात आणि दोन्ही मोजताना होणाऱ्या चुकाही बऱ्याच अंशी सारख्याच असतात. म्हणून त्यांतली चार पत्रे एकत्र घेत आहोत.

प्रश्न : मी कोल्हापूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. आमच्या विभागातील जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारे यंत्र) टीसीडी (उष्णतावहन डिटेक्टर) आणि एफआयडी (ज्योत-आयनीकरण डिटेक्टर) असे दोन डिटेक्टर आहेत. बाहेरची हवा भरून पाहिली, तर नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांची मोठी शिखरे आलेखावर दिसतात, पण हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइड अजिबात दिसत नाही. आमची पद्धत चुकते आहे का?

उत्तर : आपली पद्धत चुकलेली नाही; हे दोन्ही डिटेक्टर या कामासाठी नाहीतच. टीसीडी वायूची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाहतो. हायड्रोजनाची ही क्षमता इतर वायूंहून बरीच जास्त असल्यामुळे तो टीसीडीवर सहज दिसायला हवा असे वाटते, आणि दशलक्षात काही भाग असला तर तो दिसतोही. पण हवेत तो दशलक्षात अर्धा भागच असतो, आणि तेथे टीसीडीचे हात टेकतात. एफआयडीची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या ज्योतीत कार्बन-हायड्रोजन बंध असलेली संयुगे जळताना आयन तयार होतात आणि त्या आयनांचा प्रवाह मोजला जातो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये असा बंध नाही, आणि हायड्रोजन तर त्या ज्योतीचे इंधनच आहे. कार्बन मोनॉक्साइडसाठी एक वाट निघते : कॉलममधून, म्हणजे वायू वेगळे करणाऱ्या नळीतून, बाहेर आलेला वायू हायड्रोजनासह तापलेल्या निकेल उत्प्रेरकावरून नेला की त्याचे मिथेन होते, आणि मिथेन एफआयडीला उत्तम दिसते. आपल्या विभागात असा मिथेनायझर बसवता येत असेल तर तो जरूर बसवून घ्यावा. हायड्रोजनाला मात्र ती वाट नाही.

या दोन्ही वायूंसाठी ज्या डिटेक्टरने कित्येक वर्षे जगभर काम केले, त्याला क्षपणक वायू डिटेक्टर म्हणतात. प्रयोगशाळांत त्याला नुसते ‘आरजीडी’ म्हणण्याची पद्धत आहे. त्याच्या पोटात मर्क्युरिक ऑक्साइडच्या भुकटीचा एक लहानसा थर असतो आणि तो सुमारे २६५ अंश सेल्सिअसवर तापवून ठेवलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू त्या थरातून जाताना ऑक्सिजनचा एक अणू उचलतो, स्वतः कार्बन डायऑक्साइड होतो आणि मागे पाऱ्याचा एक अणू मोकळा सोडतो. हायड्रोजनही तेच करतो, फक्त त्याचे पाणी होते. मोकळा झालेला पारा वाफेच्या रूपात पुढच्या नळीत जातो, आणि तेथे २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश त्याची वाट पाहत असतो. पाऱ्याचे अणू नेमका हाच प्रकाश फार जोरात शोषतात, त्यामुळे प्रकाश किती कमी झाला यावरून पारा किती आला हे कळते, आणि त्यावरून मूळ वायू किती होता याचा अंदाज बांधता येतो. आपण मोजायला निघालो कार्बन मोनॉक्साइड आणि प्रत्यक्षात मोजला पारा, ही या यंत्रातली खरी खुबी आहे, आणि पुढे ज्या अडचणी सांगणार आहे त्यांचे मूळही तेथेच आहे.

किती पारा, याचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. एक मिलिलिटर हवेत १०० पीपीबी कार्बन मोनॉक्साइड असेल आणि त्यातला प्रत्येक रेणू थराशी अभिक्रिया करत असेल, तर मोकळा होणारा पारा सुमारे ०.८ नॅनोग्रॅम भरतो. ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असलेल्या या पाऱ्याची सावली आपल्याला कागदावर स्वच्छ शिखराच्या रूपाने दिसते. पाऱ्याची ही युक्ती वातावरणविज्ञानात नवी नाही. जर्मनीतील झायलर आणि युंगे यांनी १९७० साली वातावरणातील कार्बन मोनॉक्साइडवर जे काम प्रसिद्ध केले, ते याच अभिक्रियेवर उभे होते.

आता क्रोमॅटोग्राफीची गरज कोठे येते ते पाहा. तापलेला मर्क्युरिक ऑक्साइड काही हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड एवढ्यांनाच ओळखत नाही. असिटिलीन, अल्डिहाइड, असिटोन, हायड्रोजन सल्फाइड असे पुष्कळ पदार्थ त्यातून पारा काढतात. मिथेन मात्र या तापमानाला जवळजवळ स्वस्थ राहते, आणि हवेत ते कार्बन मोनॉक्साइडच्या अनेक पटींनी असल्यामुळे ही फार सोयीची गोष्ट आहे. म्हणून हवेचा एक मिलिलिटरचा नमुना आधी एका पूर्व-कॉलममध्ये जातो. तेथे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि जड सेंद्रिय पदार्थ मागे रेंगाळतात आणि झडप फिरवून त्यांना उलट दिशेने बाहेर घालवले जाते. पुढे सरकलेला भाग ५ए आण्विक चाळणीच्या, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पदार्थ भरलेल्या, कॉलममध्ये जातो. तेथून आधी हायड्रोजन बाहेर पडतो आणि मागाहून कार्बन मोनॉक्साइड. दोघांमध्ये पुरेसे अंतर राहिले की काम झाले. नमुन्याला कॉलममधून पुढे नेणारा वाहक वायू म्हणून शुद्ध केलेली कृत्रिम हवा चालते, पण ती उत्प्रेरकावरून नेऊन तिच्यातला उरलासुरला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकावा लागतो. नाहीतर वाहक वायूच सतत पारा काढत राहतो, आणि आपले शिखर त्या गढूळ पार्श्वभूमीत बुडते.

प्रश्न : मी तळोजा येथील एका कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत काम करतो. आमच्याकडे क्षपणक वायू डिटेक्टर असलेला जुना जीसी आहे. आम्ही १,००० पीपीबी कार्बन मोनॉक्साइडच्या एका मानक सिलिंडरवर यंत्र लावून घेतो आणि गुणोत्तराने नमुन्यांचे आकडे काढतो. नमुने साधारण १०० पीपीबीच्या आसपास असतात. मध्यंतरी २०० पीपीबीचा दुसरा सिलिंडर आणला, तर त्यावरून काढलेले आकडे आधीच्यांशी जुळेनात. शिवाय एकच नमुना सकाळी एक आकडा दाखवतो आणि दुपारी दुसरा. सिलिंडर खराब समजावा की यंत्र?

उत्तर : आपले पत्र वाचून मला मनापासून बरे वाटले, कारण दुसरा सिलिंडर आणून पडताळण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. बहुधा सिलिंडरही ठीक आहे आणि यंत्रही. चूक आहे ती गुणोत्तराची. हा डिटेक्टर सरळ रेषेत चालत नाही. कार्बन मोनॉक्साइड दहापट झाला म्हणजे शिखरही दहापट होईल, हे गृहीत येथे टिकत नाही. १,००० पीपीबीवरून १०० पीपीबीपर्यंत रेघ ओढणे म्हणजे पुण्यात उभे राहून कोकणातला पाऊस सांगण्यासारखे आहे. मधला घाट विसरून चालत नाही.

याची कारणे दोन ठिकाणी आहेत. प्रकाशाचे शोषण पाऱ्याच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. यंत्रातली मांडणी लॉगरिथम घेऊन ते सरळ करू पाहते, पण दिव्याचा थोडा भटका प्रकाश नेहमीच शिल्लक राहतो. दुसरे कारण मर्क्युरिक ऑक्साइडच्या थरात आहे. प्रत्येक रेणू थरावर अभिक्रिया करतोच असे नाही. किती करतात हे थराचे तापमान, त्यातून जाणाऱ्या वायूचा वेग आणि थर किती वापरला गेला आहे, यांवर ठरते, आणि हायड्रोजनासाठी हे प्रमाण वेगळे, कार्बन मोनॉक्साइडसाठी वेगळे. शिवाय २६५ अंशांवर मर्क्युरिक ऑक्साइड स्वतःहूनही किंचित विघटित होत असतो, त्यामुळे पाऱ्याची थोडी वाफ सदैव वाहत असते. थराचे तापमान जरा हलले की आधाररेषाही हलते. वक्र कोणत्या बाजूला किती झुकतो हे म्हणूनच पुस्तकातून घेता येत नाही, आपल्या यंत्रावर आपणच काढायचे असते, आणि थर जुना होईल तसे ते पुन्हा पुन्हा काढायचे असते.

उपाय कष्टाचा आहे, अवघड नाही. ज्या पट्ट्यात आपले नमुने येतात त्या पट्ट्याच्या खाली, मध्ये आणि वर असे निदान चार-पाच मानक वायू घ्यावेत. आपल्या बाबतीत ५०, १००, २०० आणि ३०० पीपीबी चालतील. त्यांवरून वक्र काढावा. रोजच्या कामात एक संदर्भ सिलिंडर कायम जोडलेला ठेवावा, आणि नमुना, संदर्भ, नमुना, संदर्भ अशा आळीपाळीने इंजेक्शने घ्यावीत. नमुन्याचे शिखर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या संदर्भ-शिखरांशी ताडून पाहिले, की यंत्र दिवसभरात जे हलले असेल त्याचा बराचसा परिणाम निघून जातो.

सकाळ-दुपारच्या फरकाचे उत्तरही याच आळीपाळीत आहे. सँपल लूपमधला, म्हणजे नमुना मोजून धरणाऱ्या नळीतला, वायू इंजेक्शनच्या आधी खोलीच्या हवेच्या दाबाला आणला जातो, म्हणजे लूपमध्ये किती रेणू मावतात हे त्या वेळच्या दाबावर ठरते. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण ०.३ ते ०.४ टक्के. आपल्याला आढळलेला फरक याहून मोठा असेल, तर खोलीचे तापमान आणि वाहक वायूचा वेग आधी तपासावा. वातानुकूलन यंत्र दुपारी बंद-चालू होत असेल, तर जीसी त्याच्या झोतात नाही ना, हेही पाहावे.

नमुना ओला असेल तर आणखी एक चूक गुपचूप शिरते. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत २८ अंशांला हवा पूर्ण संपृक्त असेल, तर शंभरातले जवळजवळ पावणेचार भाग नुसती वाफ असते. कोरड्या हवेत १०० पीपीबी असलेला वायू त्या ओल्या हवेत ९६ भरतो, आणि आपण मात्र हवा स्वच्छ झाली असे समजतो. नमुना वाळवून घ्यावा आणि आकडा कोरड्या हवेसाठीच सांगावा.

एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत मी नवा मानक सिलिंडर जोडला. पहिल्या इंजेक्शनला कार्बन मोनॉक्साइडचे शिखर प्रमाणपत्रातल्या आकड्याहून बरेच उंच आले, दुसऱ्याला थोडे कमी, तिसऱ्याला आणखी कमी. मी सिलिंडर पुरवणाऱ्यांना तक्रारीचे पत्रही लिहून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले इंजेक्शन पुन्हा उंच, आणि मग तीच उतरंड. तेव्हा लक्षात आले, की दोष रेग्युलेटरचा आहे. रात्रभर त्यात जो वायू अडकून पडे, त्यात रेग्युलेटरच्या आतल्या पडद्यातून आणि सीलमधून कार्बन मोनॉक्साइड मिसळत होता. धातूचा पडदा असलेला रेग्युलेटर लावला, दर सकाळी तो अनेकदा भरून रिकामा करण्याची सवय लावून घेतली, आणि ती उतरंड गेली. पत्र मी फाडून टाकले. आपल्या येथे दिवसाची पहिली दोन-तीन शिखरे नेहमी एकाच बाजूला झुकत असतील, तर सिलिंडरला दोष देण्याआधी रेग्युलेटर पाहावा.

सिलिंडर मात्र निर्दोष असतातच असेही नाही. भरून ठेवलेल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो, आणि ॲल्युमिनियमच्या काही सिलिंडरांत हायड्रोजन तर लक्षात येण्याइतका वाढतो. म्हणून तर जागतिक हवामान संघटनेच्या मोजमापांसाठी कार्बन मोनॉक्साइडचे मूळ मानक अमेरिकेतील बोल्डर येथे नोआ ही सरकारी सागर-वातावरण संस्था आणि हायड्रोजनाचे जर्मनीतील येना येथे माक्स प्लांक संस्था सांभाळते, आणि त्यांचीही पुन्हा पुन्हा तपासणी होते. वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांचे आकडे २ पीपीबीच्या आत जुळावेत, असे त्या संघटनेचे दोन्ही वायूंसाठी उद्दिष्ट आहे. कारखान्याला एवढ्या काटेकोरपणाची गरज नसेल; पण पाच वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रावर आजचा आकडा टांगू नये, एवढे तरी आपण पाळावे.

प्रश्न : मी गोव्यातील काणकोण तालुक्यात शिक्षिका आहे. काब द रामच्या कड्यावरची हवा बाटल्यांत भरून ऑस्ट्रेलियाला पाठवत असत, असे गावातील एका ज्येष्ठांकडून ऐकले. हे खरे आहे का, आणि त्या हवेत काय शोधत होते?

उत्तर : अगदी खरे आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांना ते अवश्य सांगावे. १९९३ पासून २००२ पर्यंत काब द राम येथील समुद्राकाठची हवा काचेच्या फ्लास्कांत भरून ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या मेलबर्नजवळच्या ॲस्पेंडेल प्रयोगशाळेत तपासली गेली. हे काम भारतीय संशोधकांच्या सहकार्याने चालले. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड यांच्याबरोबरच कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनही मोजले गेले, आणि हे शेवटचे दोन ज्या यंत्रावर मोजले गेले, तो या पानावर ज्याची चर्चा चालली आहे तोच मर्क्युरिक ऑक्साइडचा डिटेक्टर होता.

जागेची निवड किती विचारपूर्वक केली होती हे वाऱ्यावरून कळते. जून ते सप्टेंबर या काळात काब द रामच्या कड्यावर नैऋत्येचा वारा येतो. ती हवा विषुववृत्त ओलांडून, अरबी समुद्रावरून हजारो किलोमीटर वाहत आलेली असते आणि वाटेत तिला ना चूल लागते ना गाडी. म्हणून तिच्यात कार्बन मोनॉक्साइड कमी असतो. पाऊस सरला आणि वारे ईशान्येकडून फिरले, की त्याच कड्यावर भारतीय भूमीवरची हवा पोहोचते. त्या हवेत लाकूडफाटा, शेणी, शेतातला जाळ, डिझेल अशा साऱ्यांचा धूर मिसळलेला असतो, आणि कार्बन मोनॉक्साइडचे शिखर हिवाळ्यात उंचावते. एकाच जागी उभे राहून वर्षाच्या एका भागात दक्षिण गोलार्धाची आणि दुसऱ्या भागात अर्ध्या भारताची हवा मोजता यावी, अशा जागा जगात फार नाहीत.

हायड्रोजनाची कहाणी विद्यार्थ्यांना जास्त आवडेल. बहुतेक दूषित वायू उत्तर गोलार्धात जास्त असतात, कारण माणसे आणि कारखाने तेथे जास्त आहेत. हायड्रोजनाचे उलट आहे. तो दक्षिणेत किंचित जास्त भरतो. कारण त्याला हवेतून काढून घेणारी सर्वांत मोठी शक्ती म्हणजे मातीतले जिवाणू, आणि जमीन उत्तरेत जास्त आहे. शाळेच्या मैदानावरची माती आत्ता या क्षणी हवेतला हायड्रोजन गिळत असते, हे त्यांना सांगून पाहावे. कार्बन मोनॉक्साइडचे आयुष्य हवेत दोनेक महिन्यांचे, हायड्रोजनाचे दोनेक वर्षांचे. म्हणून पहिल्याचा आकडा वाऱ्याबरोबर झपाट्याने बदलतो आणि दुसऱ्याचा संथपणे.

हे आकडे महत्त्वाचे का, असे मुले विचारतील. हवेतली पुष्कळशी घाण हायड्रॉक्सिल नावाचा एक अतिशय अल्पायुषी कण साफ करतो. मिथेनही तोच नष्ट करतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन त्या कणाला आपल्यातच गुंतवून ठेवतात, म्हणून मिथेन हवेत अधिक काळ टिकते आणि तापमानवाढीला हातभार लागतो. या आडवळणाने हायड्रोजनाचा परिणाम शंभर वर्षांच्या मोजणीत, वजनास वजन धरले तर, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अकरा-बारापट निघतो. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. त्यातला किती हायड्रोजन नळ्या-झडपांतून गळतो, हे कळण्यासाठी गळतीआधीची हवा कशी होती याची नोंद हवी, आणि काब द रामच्या त्या फ्लास्कांनी पश्चिम किनाऱ्यासाठी तशी नोंद ठेवली आहे. माझ्या मते किनाऱ्यावर अशी मोजणी पुन्हा आणि कायमची सुरू व्हायला हवी, आणि तिच्यात हायड्रोजन वगळता कामा नये.

प्रश्न : मी पुण्यातील एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्या कोठीत क्षपणक वायू डिटेक्टरचा एक बंद पडलेला संच आहे. त्यातला थर बदलून तो चालू करावा, की त्याऐवजी नवे तंत्र घ्यावे? थर बदलणे धोक्याचे आहे का?

उत्तर : धोक्याचे आहे, आणि हे मी आधी सांगतो. मर्क्युरिक ऑक्साइड विषारी आहे, त्यातून निघणारी पाऱ्याची वाफ त्याहून घातक आहे, आणि ती वाफ दिसत नाही की तिला वास येत नाही. थराची नळी उघड्या टेबलावर कधीही उघडू नये. यंत्र पूर्ण थंड करून, धूर ओढणाऱ्या कपाटात, हातमोजे घालून ती काढावी. वापरलेला थर बेसिनमध्ये किंवा कचऱ्यात न टाकता घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा, त्यावर चिठ्ठी लावावी आणि घातक कचरा अधिकृतपणे घेणाऱ्यांकडेच सोपवावा. पाऱ्यावरील मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला आहे, तेव्हा ही केवळ सावधगिरीची बाब नाही. यंत्र चालू असतानाही डिटेक्टरमधून बाहेर पडणारा वायू आयोडीन लावलेल्या कोळशाच्या सापळ्यातूनच गेला पाहिजे. आपल्या कोठीतल्या संचाचा तो सापळा जागेवर आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. नसेल, तर संचाला वीजच देऊ नये.

नव्या तंत्राविषयी माझे मत वायूगणिक वेगळे आहे. कार्बन मोनॉक्साइडसाठी आता लेसरवर चालणारे विश्लेषक मिळतात. ते अवरक्त प्रकाशाचे शोषण मोजतात, पारा वापरत नाहीत, सेकंदागणिक आकडा देतात आणि त्यांचा प्रतिसाद बराच सरळ असतो. फक्त कार्बन मोनॉक्साइड मोजायचा असेल, तर जुना संच चालू करण्यात अर्थ नाही. हायड्रोजनाचे मात्र तसे नाही. दोन सारख्या अणूंच्या त्या रेणूला विद्युत द्विध्रुव नसतो, म्हणून तो अवरक्त प्रकाश जवळजवळ शोषतच नाही, आणि हे विश्लेषक त्याच्या बाबतीत निरुपयोगी ठरतात. त्याच्यासाठी जीसीच लागते. तेथे आरजीडीऐवजी विजेच्या स्पंदित विसर्जनावर चालणारा हेलियम आयनीकरण डिटेक्टर घेता येतो. त्याचा प्रतिसाद मोठ्या पट्ट्यात सरळ रेषेत चालतो आणि त्यात पारा नाही, पण त्याला अतिशुद्ध हेलियम सतत लागते, आणि त्याचा खर्च महाविद्यालयाला दरवर्षी पेलावा लागतो. हेलियमची सोय होत असेल तर तोच घ्यावा. होत नसेल, आणि विभागात पाऱ्याची हाताळणी शिकलेली व्यक्ती, चालू धूर-कपाट आणि सापळा ही तिन्ही असतील, तरच जुना संच पुन्हा उभा करण्याचा विचार करावा. तोही निदान तीन-चार मानक सिलिंडरांची तरतूद झाल्यावर.